पाहुण्याच्या हातचा घास

डोंगरातून धावत सुटलेली एक नदी जिथं पहिल्यांदा दम खायला थांबते, तिथं फार वर्षांमागं एक गाव होतं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तिथं जाल. तिथली माणसं तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि एकदा जेवायला बसलात की उठू देणार नाहीत.

त्या गावाची रीतच तशी होती. पाहुणा आला की आधी पाट, मग पाणी, मग ताट. पण ताटावर बसण्याआधी पाहुण्यानं घरातल्या मुक्या जिवांना आपल्या हातानं घास द्यायचा. गोठ्यातल्या गाईला भाकरीचा तुकडा, पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची, दारातल्या कुत्र्याला हाताशी येईल ते. पाहुण्याच्या हातचा घास घराला लाभतो, असं सगळे मानत. तो हात अडवणं म्हणजे पाहुण्याला दारातून हाकलण्यासारखंच. असलं काही आजवर त्या गावात कुणी केलं नव्हतं.

आता अशा गावातही आग्रहाच्या बाबतीत सगळ्यांच्या वरताण कोण होतं, तर येसूआत्या. ती सगळ्या गावाचीच आत्या. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, आणि घर अगदी रस्त्याला लागून. येणारा-जाणारा वाटसरू तिच्या ओसरीवर टेकायचाच. पाहुण्यानं "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरला, तर आत्या त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी ओतायची आणि वर म्हणायची, "लाजताय काय? आपलंच घर आहे!"

पाहुणा कसंबसं संपवायचा, कमरेचं सैल करायचा आणि जमेल तितक्या लवकर वाटेला लागायचा. मग घर पुन्हा रिकामं. एकटीनं भांडी घासताना आत्याला ते रिकामं घर खायला उठायचं. तिला वाटायचं, आपणच कुठंतरी कमी पडतो. आणखी एक लाडू वाढला असता तर तो माणूस आणखी घटकाभर बसला असता.

एकदा एक काचेचा कारागीर तापानं फणफणून तिच्या ओसरीवर आडवा झाला. आत्यानं त्याला काढे दिले, पेज दिली, आणि तो पुरता बरा होईपर्यंत हलू दिलं नाही. जाण्याआधी त्या भल्या माणसानं तिच्यासाठी एक काचपेटी बनवली. चारी बाजूंना काच, कडांना राळ, एवढीशी, कोनाड्याजवळच्या तिवईवर मावेल अशी.

"हिच्यात काय ठेवायचं? लाडू?" आत्यानं विचारलं.

"एक छोटंसं तळं," कारागीर म्हणाला. "तुमच्याकडं येतो तो जेवून निघून जातो. घरात कायमचं राहणारं कुणीतरी हवं ना तुम्हाला?"

पदरानं डोळे टिपून आत्या थेट नदीवर गेली आणि घमेलंभर वाळू घेऊन आली.

दोघांनी मिळून ते तळं मांडलं. तळाशी तळ्याकाठचा काळा गाळ, चाळून घेतलेला. त्यावर नदीची वाळू, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. मागच्या बाजूला लांब पात्यांचं पाणगवत, पुढं बुटकी, बारीक पानांची रोपं. त्यांची मुळं आत्यानं बोटानं वाळूत खोचली. मध्ये एक गुळगुळीत गोटा. ओतलेल्या पाण्यानं गाळ ढवळू नये म्हणून कारागिरानं वाळूवर बशी ठेवली आणि पाणी हळूहळू बशीवर सोडलं.

"आता मासे!" आत्या हात पुसत म्हणाली.

"आता थांबायचं. रोपांनी मुळं धरू देत, नवी पानं फुटू देत. मग मासे. तेही थोडे."

"म्हणजे घर तयार, आणि पाहुण्याला या म्हणायचं नाही?"

"घर अजून घर झालेलं नाही, आत्या."

आत्याला हे काही फारसं पटलं नाही, पण ती थांबली. कारागिराची निघायची वेळ झाली. तो बैलगाडीत चढला आणि चढता चढता त्याला आठवण झाली. "अहो आत्या, एक सांगायचंच राहिलं! माशांना खायला मात्र..." एवढं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि आत्यानं नेम साधून त्यात डिंकाचा लाडू कोंबला. तो लाडू गिळेपर्यंत गाडी वळणाआड गेली होती.

पुढं रोपांना पोपटी पानं फुटली. आत्यानं ओढ्यातून बोटाएवढे रुपेरी मासे आणले, पाठीवर काळी रेघ असलेले. लगेच पाण्यात न सोडता तिनं त्यांचं मडकं काचपेटीच्या पाण्यात धरलं, दोन्हीकडचं पाणी सारखं कोमट होऊ दिलं, आणि मग मडकं अलगद तिरकं केलं. मासे पाणगवतात घुसले, दडले, मग एकेक करून बाहेर आले. एक धिटुकला मासा तर काचेपाशी येऊन आत्याकडं टक लावून बघू लागला. त्याच्या शेपटीचा एक कोपरा तुटलेला होता. आत्यानं त्याचं नाव ठेवलं ठकू. त्या दिवशी ती चुलीवरचं दूध विसरली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरात दूध उतू गेलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

बातमी गावभर झाली. माणसं बघायला येऊ लागली, आणि रीत म्हणजे रीत! काचपेटीतले मासेही घरातले मुके जीवच की. ज्यानं त्यानं हातातलं काहीतरी पाण्यात टाकलं. कुणी कणकेची गोळी, कुणी भाताची शितं, कुणी खोबऱ्याचा कीस. वाटसरूंनी शिदोरीतला चुरमा टाकला. आत्या शेजारी उभी राहून कौतुकानं म्हणायची, "टाका हो आणखी चिमूटभर. ते काही बोलून दाखवणार नाहीत!"

मासे खायचे तेवढं खात. उरलेलं वाळूवर बसायचं. त्याला पांढरी लव फुटली. पानांवर बुळबुळीत थर चढला. पाणी आधी ताकासारखं झालं आणि मग त्याला वास येऊ लागला. आत्यानं पाणी बदललं की एक-दोन दिवस बरे जायचे, आणि मग पुन्हा तेच. हळूहळू मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

शेजारच्या गजराकाकूनं काचपेटीत डोकावून बघितलं. गजराकाकूच्या मनात वाईट काही नव्हतं, फक्त तिला सगळ्यातलं सगळं कळायचं. ती म्हणाली, "अगं येसू, भुकेनं तोंड वासतायत गं बिचारे!"

आत्याच्या काळजात चर्र झालं. माझ्या घरात, आणि उपाशी? तिनं मूठभर शितं टाकली. दुसऱ्या दिवशी एक मासा पांढरं पोट वर करून तरंगत होता. तिसऱ्या दिवशी आणखी एक. आत्या जितकं जास्त घालायची तितके मासे कमी व्हायचे, आणि मासे कमी झाले की ती आणखी घालायची. ठकू अजून होता, पण काचेपाशी यायचा बंद झाला होता.

त्यातच आत्याच्या माहेरी, भावाच्या मुलीचं लग्न निघालं. न जाऊन भागणार नव्हतं. किल्ली गजराकाकूकडं देऊन, माशांना तिन्ही त्रिकाळ घालायला सांगून निघायचं, असं तिनं ठरवलं. पण निघताना गाडीवानाला दडपे पोहे खाऊ घालण्याच्या गडबडीत ते राहिलंच. माहेरच्या दारात उतरल्यावर पदर खोचायला कमरेला हात गेला, आणि हाताला किल्ली लागली.

"दादा, मला माघारी जायला हवं!" आत्या रडकुंडीला आली. "माझे मासे उपाशी मरतील!"

"माशांसाठी लग्न सोडून जातेस? खुळी की काय!" भाऊ हसला. आता भाऊ कुणाचा, तर येसूआत्याचाच. त्या घरातलं रक्तच आग्रहाचं. त्यानं गाडीवानाला परस्पर लावून दिलं आणि बहिणीला पंगतीत बसवलं.

आत्याच्या घशाखाली घास उतरेना. तिच्या डोळ्यांसमोर सारखा ठकू. तिनं ताटावर हात आडवा धरला. वहिनीनं बोटांच्या फटीतून बासुंदी ओतली. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, बघा, माहेरच्या जेवणानं कशी गहिवरली!" असं म्हणून भावानं आणखी दोन जिलब्या टाकल्या. काही सांगावं म्हणून आत्यानं तोंड उघडलं, तर मामीनं त्यात पेढा घातला.

असं सगळे दिवस चाललं. आत्याचं पोट तट्ट फुगलं, छातीत भरून आलं, श्वास लागू लागला. शेवटी ती मांडवाबाहेर जाऊन खांबाला टेकली आणि तोंड उघडून वारा घेऊ लागली. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "अगं बाई, भूक लागली वाटतं!" आणि पाठोपाठ चिवड्याची वाटी पुढं आली.

आत्यानं वहिनीकडं बघितलं. मग त्या वाटीकडं बघितलं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. वाटी तिनं न खाताच खांबापाशी खाली ठेवली.

लग्न उरकलं, पाठवणी झाली, तेव्हा कुठं भावानं गाडी जोडून दिली. घरी पोचताच आत्यानं कुलूप काढलं. आत काय दिसणार, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

काचपेटीतलं पाणी निवळलं होतं. वाळूवरचा पांढरा थर विरून गेला होता. पाणगवतानं नवी पाती वर काढली होती, आणि त्यांच्यामधून ठकू सळसळत काचेपाशी आला. त्याच्यामागं आणखी तिघे. उरलेले सगळे जिवंत होते. आत्या जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मासे वाचले म्हणून रडली, आणि जे मेले ते आपल्याच हातानं मेले, हे कळलं म्हणून जास्त रडली.

त्या दिवसापासून सकाळी दोन बोटांत मावेल एवढीच चिमूट, ती खाऊन संपेपर्यंत समोर उभं राहायचं, आणि नंतर काही नाही. पण हे पाहुण्यांना सांगायचं कसं? पाहुण्याचा हात अडवायची हिंमत आत्याला कुठली! तिनं आपली एक युक्ती काढली. दारात पाऊल वाजलं की काचपेटीवर सूप झाकायचं आणि म्हणायचं, "आत्ताच डोळा लागलाय हो त्यांचा." गजराकाकूला शंका आली, की हे मासे दिवसभर झोपतात तरी किती. पण निभावून गेलं.

निभावलं ते गढीवरच्या आईसाहेब येईपर्यंत. गावात आईसाहेबांचा शब्द शेवटचा. त्या ज्याच्या घरी गेल्या त्याच्या घरी सगळं गाव जाई, आणि त्यांनी ज्याच्याकडं पाठ फिरवली त्याच्याकडं कुणी विस्तव मागायलाही फिरकत नसे. जत्रेच्या दिवशी त्या मुद्दाम आत्याचे मासे बघायला आल्या. हातात चांदीची वाटी, वाटीत काठोकाठ केशरी भात. मागं निम्मं गाव.

आत्यानं सूप पुढं केलं. आईसाहेबांनी ते हसून बाजूला सारलं. "झोपले असले तर उठव की. माझ्या हातचा घास घेतील आणि पुन्हा झोपतील."

आईसाहेबांची मूठ पाण्यावर आली. खाली ठकू वर बघत होता. आता गप्प राहिलं तर गावात मान राहतो आणि मासे जातात. बोललं तर मासे राहतात, पण या घरात पुन्हा माणूस येणार नाही. आणि माणसांवाचून आपले दिवस कसे जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं आईसाहेबांचं मनगट धरलं.

"आईसाहेब, नको."

गजराकाकूनं तोंडात पदरच कोंबला.

"पाहुण्याचा हात अडवतेस, येसू?"

"अडवते, आईसाहेब. तुमचा घास लाखमोलाचा आहे. पण यांची पोटं भरलीत. मी भरल्या पोटी घालत गेले आणि निम्मे मारून बसले. माझी हौस झाली, जीव त्यांचे गेले. आता तुम्ही रागावलात तरी चालेल, पण मी घालू देणार नाही."

बोलतानाही मनगट तिनं सोडलं नाही. आईसाहेबांनीच ते सोडवून घेतलं. वाटी दासीकडं दिली आणि पाण्याचा घोटही न घेता त्या उतरून गेल्या. त्यांच्यामागं सगळे गेले.

मग व्हायचं तेच झालं. आत्याच्या ओसरीवर कुणी फिरकेना. गावकरी वाटसरूंना परस्पर पुढच्या घरी नेऊ लागले. गजराकाकू कुंपणापलीकडून मान हलवायची, पण अलीकडं येत नव्हती. आत्या एकटीपुरता भात टाकायची आणि काचपेटीपुढं बसून जेवायची. तिला फार वाईट वाटायचं. कधी कधी वाटायचं, एक मूठभर भात पडला असता तर काय बिघडलं असतं? पण ठकू काचेपाशी यायचा, आणि काय बिघडलं असतं ते तिला आठवायचं.

दिवस गेले. पाणगवत वाढून वरपर्यंत पोचलं. एका सकाळी आत्याला त्या दाटीत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. तिनं नाक काचेला लावलं. पानांच्या आडोशाला इवलीइवली पिल्लं होती. नुसते दोन डोळे आणि शेपूट, बाकी सगळं आरपार दिसणारं.

"गजरा! अगं गजरा, पिल्लं झाली!" आत्या आधी ओरडली, आणि मग तिला आठवलं की आपल्याशी कुणी बोलत नाही.

पण गजराकाकूच ती! गावाचा राग एकीकडं आणि बातमी एकीकडं. कुंपण ओलांडून ती आली, पिल्लं बघितली, आणि दुपार व्हायच्या आत गावातल्या पोराटोरापर्यंत बातमी पोचवून मोकळी झाली. तरी संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी आलं नाही. आईसाहेबांच्या आधी कोण येणार?

दुसऱ्या दिवशी दारात सावली पडली. आईसाहेब होत्या. एकट्या, मागं दासी नाही, आणि हात रिकामे.

"नुसतं बघायला आलेय," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "बघू देशील?"

आत्यानं पाट मांडला. आईसाहेब बसल्या, वाकून बघू लागल्या. पिल्लांना शोधायला वेळ लागला. एक दिसलं, मग दुसरं. "ते बघ, त्या पानामागं!" त्या लहान मुलीसारख्या कुजबुजल्या.

मग आईसाहेब काचेवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुझा राग फार आला होता मला, येसू. पण घरी गेले आणि ताटावर बसले. सुना वाढतायत, लेक वाढतोय, मी खातेय. इतकी वर्षं सगळे मला खाऊ घालतायत. भूक आहे का, असं कुणी कधी विचारलंच नाही गं."

आत्याचा हात सवयीनं लाडवांच्या डब्याकडं गेला होता. तो तिनं तिथंच थांबवला.

"भूक आहे का, आईसाहेब?"

"नाही."

"मग बसा."

आणि त्या दिवशी येसूआत्याच्या घरी पाहुणा काहीही न खाता, पार दिवेलागणीपर्यंत बसला.

तात्पर्य म्हणाल, तर ते एवढंच: माया असेल त्याला वाढण्याआधी भूक विचारावी, बोलता येत नसेल त्याच्याकडं नीट बघावं, आणि समोरच्यानं पुरे म्हटलं की हात थांबवावा. तो थांबलेला हातही मायेचाच असतो.